पावती मागितली म्हणून

मी मूळची नागपूरची, वडील पोस्टात, आणि घरात कॉमर्स शिकलेली मी एकटीच. लग्न होऊन अमेरिकेत आली, इथे अल्फारेटाला, आणि बारा वर्षं झाली एका दातांच्या डॉक्टरकडे हिशेब बघते. मालतीकाकू मला एका कार्यक्रमात भेटल्या, सत्तरीच्या, रिटायर्ड डॉक्टर. म्हणाल्या, नवऱ्याचा मार खाऊन घर सोडणाऱ्या आपल्या बायकांसाठी छोटी संस्था काढलीय, हिशेब बघायला कुणी नाही, येतेस का? म्हटलं, येते काकू.

आता काकूंचं काम कसं, तर फोन आला की गाडी काढायची, बाईला न् लेकरांना उचलायचं, मोटेलवर ठेवायचं, पर्समधून पैसे द्यायचे, आणि आठवलं तर संस्थेतून परत घ्यायचे. पावती मागितली तर म्हणायच्या, अगं ती थरथर कापत होती, मी पावती मागत बसू? खरंय ना. पण खरं असून उपयोग काय, सांगा तुम्ही. वर्षभर मी सांगून राहिली, काकू फोटो तरी काढा, काकू संस्थेचं कार्ड वापरा. हो हो म्हणायच्या. बाकीचे मेंबर मलाच म्हणायचे, काकूंना काय विचारायचं, बरं दिसतं का ते.

मग एका फाउंडेशनने ग्रँट दिली, अर्धी आधी, अर्धी हिशेब बघून. त्याच सुमारास रेखा आली, नाव बदलून सांगते हं, आठ महिन्यांची मुलगी कडेवर. तिच्यासाठी मी अपार्टमेंट शोधलं, डिपॉझिट दुसऱ्या हप्त्यातून भरायचं ठरलं. आणि फाउंडेशनने कागद मागितले. अर्ध्या खर्चाला कागदच नाही! मी काकूंसमोर बसली, म्हटलं, आठवा. काकूंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, तू माझ्यावर संशय घेतेस? संशय नाही हो काकू, पावती मागतेय. शेवटी त्यांच्याच बँकेची स्टेटमेंटं चाळली, तर काय सांगू तुम्हाला, काकूंनी घेतले त्याच्या दुप्पट स्वतःचे घातलेले. चोरी झाली असती तर बरं, रागवायला माणूस तरी मिळाला असता.

फाउंडेशनवाले म्हणाले, वाईट वाटतं पण पॉलिसी आहे, नुसती स्टेटमेंटं चालत नाहीत, पावत्याच हव्यात. हप्ता थांबला. मी म्हटलं, निदान त्या एका बाईचं डिपॉझिट द्या. नाही. शेवटी घरचे पैसे घालायचं ठरवलं, पण नवऱ्याशी बोलण्यात माझे दोन दिवस गेले, हेही लिहा, लपवू नका. रेखाला फोन केला तर ती हळूच म्हणाली, ताई, मी परत घरी आलेय, यांच्याकडे, आता फोन करू नका.

आता संस्थेत प्रत्येक खर्चाला दोन सह्या लागतात, रोख बंद. मागच्या महिन्यात एका बाईचं डिपॉझिट एका दिवसात भरलं आम्ही. काकू अजून गाडी काढतात, पावत्या आणून माझ्यासमोर ठेवतात, पण पूर्वीसारखं बोलत नाहीत, आणि मेंबर अजून म्हणतात, तू जरा सांभाळून घ्यायला हवं होतंस. काय सांभाळून घेऊ? कुणाला? रेखाचा पुन्हा फोन नाही. मी करू शकत नाही. असेल तिथे तिला कुणी हात लावू नये, एवढंच.