आज कबूल केलं तर

शिकागोच्या फौजदारी कोर्टात तपासणीच्या रांगेत नायला मोठ्या ऐटीत उभी होती. शाळेच्या वर्तमानपत्रासाठी बातमी आणायला ती पहिल्यांदाच एकटी आली होती. तिच्या पुढे एक थकलेली म्हातारी आणि तिची लेक रनीटा बोलत होत्या.

"मम्मा, सरकारी वकील म्हणतात, आपल्या अल्विनने आज गुन्हा कबूल केला तर संध्याकाळी तो घरी."

"आणि नाही केला तर?"

"खटला पुन्हा चालणार. आणखी दोन वर्षं तुरुंगात."

"अगं, पण पोलिसाने साक्षीदार पढवला म्हणूनच ना त्याची शिक्षा रद्द झाली?"

"म्हणून तर एवढी माया! याने कबूल केलं की पोलीसही सुटला आणि सरकारी वकीलही."

"तो आत जाऊन बावीस वर्षं झाली गं. मी एक्याऐंशीची."

"मग सांग त्याला, कबूल कर म्हणून. तुझं ऐकेल तो."

"ऐकेल, त्याचीच भीती वाटते. नऊ वर्षांचा होता तेव्हा शेजारणीची काच फुटली. मी दोन लगावून त्याच्याकडून कबूल करून घेतलं. फोडली होती दुसऱ्याच पोराने."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं होतं का?"

रांग सरकली. नायला वही उघडायचंच विसरली.

"मग आज काय सांगणार आहेस?"

"सांगेन, तू खुशाल लढ. मी अजून रोज तीन जिने चढते, वाट बघायला खंबीर आहे."

"मम्मा! वर्षभरात तू एक पायरी चढली नाहीस."

"ते त्याला कोण सांगणार आहे?"