परातीवरचे चोपन्न टोले

मूळ आमचं कोकणातलं, पण वडील निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर कामाला लागले आणि आमी आष्टीचे झालो. त्यांच्यामागं त्याच नाक्यावर मी. गाड्या मोजायच्या, गोण्या मोजायच्या. एक गोणी चुकली तर मला जेवण जात न्हाई, असा माझा सभाव. गावात यहुद्यांचं घर आमचं एकच. शनवारी चूल पेटत न्हाई म्हणून लोक आमाला शनवारवाले म्हणायचे.

काय सांगू तुमाला, पुरीम आला की घर भरायचं. तो होळीच्या आगंमागंच येतो, म्हणून आमच्यात त्याला होळीचा सणच म्हणतात. नगरहून शलोमकाका, काकू, त्यांच्या चार पोरी, सगळं बिऱ्हाड बैलगाडीनं यायचं, आई पुरणपोळ्या करायची आणि सकाळी काका एस्तेर राणीची पोथी वाचायचे. हामान नावाच्या वजिरानं आमचे सगळे लोक एका दिवसात मारायचं ठरवलं होतं आणि राणीनं त्यांना वाचवलं; तर पोथीत हामान आला की भांडं वाजवायचं, त्याचं नाव कानावर पडू नये म्हणून. ते नाव चोपन्न वेळा येतं. मी मोजलंय.

शेजारच्या राधाकाकीचा विठू माझ्याच वयाचा. दोन्ही घरांत भिंत एकच. दरवर्षी तो डबा घेऊन आमच्यात बसायचा, काय बे, औंदा तरी मरतोय का तुझा हामान, म्हणायचा आणि आमच्यापेक्षा जोरात वाजवायचा. मग आई फराळाचं ताट काकीकडं धाडायची, त्या दिवशी आमच्यात ते पाठवावंच लागतं. काकीनं ताट कधी रिकामं परत दिलं न्हाई, मूठभर हरभरा, गुळाचा खडा, कायतरी असायचंच.

वडील गेले त्याच्या दुसऱ्या साली विठू तापानं पडला. आठ दिवस झालते. पुरीमच्या सकाळी काकी दारात आली, लेकरा, आत्ता कुठं त्याचा डोळा लागलाय, आज भांडी नका वाजवू. आई म्हणाली, आपण पायानं हळूच ठोकू. काकाही म्हणाले, चालतंय तसं. मीच अडलो, न्हाई, वडलांच्या मागं घरातला नियम मोडायचा न्हाई. आई म्हणाली, कावून रे असा करतोस? मी परात घेतली. चोपन्न टोले, एक कमी न्हाई. बाकी कुणी हात उचलला न्हाई, मी एकटाच वाजवत होतो.

ताट घेऊन मीच गेलतो. विठू जागा होता. मला बघून हसला, मेला का बे, म्हणाला. काकीनं एवढंच विचारलं, किती झाले रे? आणि मी, लई लाज वाटते सांगायला, मी म्हणालो, चोपन्न.

तिसऱ्या दिवशी विठू गेला.

आवाजानं गेला असं न्हाई, ताप वाईट होता, हे काकीही जाणते. पण आठ दिवसांत त्याला तेवढीच झोप लागली होती, ती मी मोडली.

आता आई न्हाई, काका न्हाईत. पोथी मीच वाचतो, नाव आलं की घोंगडीवर अनवाणी पाय टेकतो, माझं मलाही ऐकू येत न्हाई. पहिलं ताट काकीकडं जातं. ती घेते, खाते, वाकडं कधी बोलली न्हाई, आणि ताट घासून, पुसून परत धाडते. रिकामं. यंदाही तसंच आलं. देवानं तिला लई आयुष्य द्यावं. ती घेतेय तोवर मी पाठवत राहीन.