परसातला ओटा

फरशीच्या दुकानात शिंपीकाकांच्या पुढे रांगेत एक म्हातारी आणि तिचा लेक होते. काकांनी कान टवकारले.

"आई, परसात स्वयंपाकाचा ओटा झाला की घरात धूर नाही, वास नाही."

"आणि पाऊस?"

"वर पत्रा टाकतोय. नळ, भांड्यांचं कपाट, सगळं तिथेच."

"म्हणजे आत यायलाच नको."

"तुझं आपलं काहीतरीच! तुझ्या सुनेची हौस आहे ती. म्हणते, मीच रांधणार."

"असं होय! उंची किती सांगितलीस?"

"अठ्ठावीस इंच."

"एवढी उंच बाई ती. कमरेत वाकून मोडेल की रे!"

लेक फरशीवरची धूळ पुसत राहिला.

दुकानदार म्हणाला, "ओट्याखालच्या उभ्या फरश्या अठ्ठावीसच कापू ना?"

"काप बाबा," म्हातारी म्हणाली. "माप माझंच घेतलंय."