मापाआधी पेटवलेलं रान

माझं माहेर मलकापूरच्या वरल्या अंगाला, डोंगरात. तिथं रानात एकच पीक असं कधी नव्हतंच, भाताच्या बांधावर तूर, तुरीच्या बुडात वरण्याचा वेल, आणि भाताच्या रोपापुरता राब भाजायचा तेवढाच भाजायचा, बाकीचा पाला खड्ड्यात. मग लगीन झालं आणि जयसिंगपूरकडं उसाच्या मुलखात येऊन पडलो. हितं ऊस तुटला की पाचट पेटवायचं, पाचट म्हंजे उसाचा वाळका पाला, सगळं शिवार काळं, दोरीवरच्या धुण्यावर काजळी, आणि ह्याला ही माणसं म्हणणार रान साफ केलं. काय सांगू तुम्हाला, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामंजींच्या मागं लागून लागून मी ओढ्याकडंचं रान मागून घेतलं. पाचट सरीत तसंच दाबलं, उसात चवळी टाकली, बांधावरचं गवत राखलं. थोरले दीर, आण्णा, पारावर बसून म्हणायचे, आमच्या धाकटीनं औंदा उकिरडा पेरलाय. हसायची की माणसं. पण पाचटाखाली हात घातला की माती गार लागायची, गांडुळं, कोळी, आणि पाय टाकला की लाह्या फुटल्यागत किडं उडायचं, त्यांच्यामागं कोतवाल पाखरं.

त्या टायमाला मापं घेणारी माणसं आली, एक साहेब आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरगी. त्यांचं म्हणणं, जाळलेलं रान आणि न जाळलेलं रान शेजारी शेजारी मोजायचं, मातीत कर्ब किती, किडामुंगी किती, पाखरं किती, म्हंजे जो धूर हवेत जातो तो मातीत मुरवता येतो का ते कळंल. एकदा मोजलं, आणि दोन-तीन वर्सांनी परत मोजणार म्हणाले. मामंजींनी तिथंच सांगितलं, मापात फरक निघाला तर हे रान कायम तुझ्या पद्धतीनं, न्हाय निघाला तर आण्णाच्या हातात. मी म्हटलं, व्हय, कबूल.

शेवटच्या मापाच्या आदल्या दिवशी मी भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेलतो. सांजच्याला परत आलो तर माझं रान काळं. नुकत्याच तुटल्या उसाचं पाचट जाळलेलं, बांध ताशीव, गवताची काडी न्हाय, बांधावरच्या दगडांना चुना. आणि आण्णा तिथंच उभं, मला म्हणतात, बघ कसं लख्ख केलं, उद्या मोठी माणसं येणार, असल्या कचऱ्यात पावण्यास्नी उभं करायचं व्हय, घराला अब्रू हाय की न्हाय. वैरानं केलं असतं तर मी भांडलो तरी असतो. हा माणूस उपकार केल्यागत हसत हुता.

सकाळी साहेब आले, नारळ घेतला, आण्णांच्या हातनं फेटा बांधून घेतला. मी पुढं होऊन सांगितलं, हे काल जाळलंय, आज मोजू नका. ती पोरगी बी म्हणाली, सर, हे रान वगळू या, न्हायतर निदान तसं लिहू या. साहेब म्हणाले, मावशी, दिवस ठरलेला हाय, आलोय तर मोजायलाच पाहिजे. अहो, राखंत काय मोजणार. पाखरू तर फिरकलंच न्हाय. पुढं पावसाळ्यात सांगावा आला, दोन्ही रानांत म्हणावा असा फरक न्हाय. जाळल्याचं नाव सुद्धा त्यात नव्हतं. मामंजी शब्दाचे पक्के, रान आण्णांच्या हाती गेलं.

आण्णांचा राग यायचा तेवढा आला, पण त्यांना मोजायचं म्हंजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती माणसं म्हंजे पावणं, बाकी काय. साहेबाला मात्र सगळं ठावं हुतं. नाकात जळका वास जात हुता, बुटाला राख लागली हुती, तरी त्यानं ते माप खरं म्हणून पुढं धाडलं. आमच्या शेजारची दोन-चार घरं औंदा पाचट ठेवू म्हणत हुती, ती गप बसली. ते कोण भरून देणार, सांगा की.

आता वाटण्या झाल्यात, ओढ्याकडंचं रान आमच्याच वाट्याला आलंय. मी आणि माझं मालक परत पहिल्यापासनं लागलोय. आण्णा अजून म्हणतात, मी तुझ्या भल्याचंच केलं. असू दे, देव त्यांचं बी भलं करू दे. परवा दुसरी मापवाली माणसं आलती, मोजायला कवा येऊ इचारत हुती. मी म्हटलं, पावणं, शंभरदा या, माती न्या, किडं मोजा, माझ्या घरची भाकरी खावा. फक्त येणार म्हणून गावात सांगू नका.