पाकिटातला मास्क

दवाखान्याच्या बाकावर एक निवृत्त सुतार बसला होता. बायको गेल्यापासून तो तपासून घ्यायला एकटाच यायचा. शेजारी सॉसच्या कारखान्यातला एक कामगार बायकोसोबत बसून खोकत होता.

“डॉक्टरांना सांगू, हवा बदलली म्हणून झालं.”

“हो ना. हवाच येते तुमच्या कारखान्यात बेंझोएटची पोती ओतायला.”

“अगं, सॉस टिकवायला घालतात ते. लोक खातात.”

“लोक चिमूटभर खातात. तुम्ही पोतंभर हुंगता. मास्क कुठंय?”

“कपाटात. खराब होईल म्हणून पाकिटातच ठेवलाय.”

“वा! सॉसबरोबर मास्कही टिकवलात. आणि डोळ्यांवरचा चष्मा?”

“त्यातून नीट दिसत नाही.”

“डोळे चोळताना फार छान दिसतं वाटतं! पूड ओढून घेणारा तो पंखा तरी लावता का?”

“साहेब आले की लावतो. आवाज फार करतो गं.”

“खरंय. तुमचा खोकला तेवढा मंजुळ.”

“हे बघ, तू आत येऊच नकोस. काय हो काका, काकू येतात का तुमच्याबरोबर आत?”

“यायची,” सुतार म्हणाला. “डॉक्टरांना सगळं तीच सांगायची. आता ते मला विचारतात, आणि मी म्हणतो, बरं आहे.”

तेवढ्यात नर्सनं कामगाराला हाक मारली.

“ऊठ,” तो बायकोला म्हणाला. “आत तूच बोल.”

“बोलते की. तुम्ही नुसती मान हलवा. घरी कधी जमलं नाही, इथं जमतंय का बघू.”