प्रेमदासभाऊंनंतर मशीनवर कोण

आजच्या समारंभाचे आणि आपल्या लाकूडकाम सहकारी संस्थेचेही अध्यक्ष असलेले आदरणीय महादेवराव, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून आलो ते सत्कारमूर्ती प्रेमदासभाऊ, त्यांच्या सौभाग्यवती भागीरथावहिनी, संस्थेचे सभासद, त्यांच्या घरची मंडळी, आणि थेट केळझरपासून अल्लीपूरला आलेले आपले जुने गिऱ्हाईक, सर्वांना सुलोचनेचा नमस्कार. संस्थेची सचिव या नात्यानं मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत हे होणार नाही, आधीच सांगते.

निरोपाच्या भाषणात माणसाचा देव करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रेमदासभाऊंच्या बाबतीत ते जमणार नाही. ते स्वतःच उठून मला थांबवतील, आणि ते कसं थांबवतात हे तुम्हाला माहीत आहे. हसता काय? हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पाठीवर त्यांचा हात पडलेला आहे. अध्यक्षांच्याही गालावर पडला आहे. महादेवराव, बरोबर ना? मान हलवली त्यांनी.

आपली कोरीवकामाची मशीन नागपूरच्या एका कारखान्यानं भंगारात काढलेली. ती इथं आणून उभी केली प्रेमदासभाऊंनी. संगणकात नक्षी घालायची आणि मशीननं ती सागवानावर कोरायची. मशीन जुनी, संगणक तिच्याहून जुना. बारीक भुसा तिच्या सांध्यासांध्यात जाऊन बसायचा. भाऊ रोज सकाळी हवेच्या पाइपानं तो उडवायचे, रूळ पुसायचे, तेल द्यायचे, कोरणारं टोक घट्ट बसलं की नाही ते बघायचे, आणि मगच कुणाला जवळ येऊ द्यायचे. एकदा महादेवरावांनी हौसेनं स्वतः टोक बसवलं. ते सुटलं आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन पत्र्याच्या भिंतीतून पार गेलं. भाऊंनी मशीन बंद केली, शांतपणे चालत आले आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या थोबाडीत मारली. आम्हाला तेव्हा वाटलं, बरोबर केलं. माणसाचा जीव गेला असता.

इथंच आमचं चुकायला लागलं, असं मला आता वाटतं. एक थप्पड बरोबर वाटली, म्हणून पुढच्या सगळ्या आम्ही चालवून घेतल्या. घरी काय होतं, ते भागीरथावहिनींना मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

सगळ्यांत जास्त मार नीलेशनं खाल्ला. नीलेश म्हणजे भाऊंचा पट्टशिष्य, तो तिथं दारापाशी उभा आहे. मशीनचं डोकं फिरताना तापतं, त्याला गार ठेवायला पाण्याचा पंप असतो. एके दिवशी नीलेश म्हणाला, "भाऊ, पंपाचा आवाज वेगळाच येऊन राह्यला."

भाऊ म्हणाले, "आता तू मले शिकवशीन काय बे?" आणि हातातला पाना फेकून मारला. पोराची भुवई फाटली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन टाके घालावे लागले. पंप खरोखरच बिघडलेला होता. ते कळल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "मंग नीट सांगायचं होतं."

त्यानंतर आपण मशीनमध्ये सुधारणा केली. जुना संगणक काढला, नवा कंट्रोलर बसवला आणि दमदार मोटरी लावल्या. कोरणारं डोकं वाहून नेणाऱ्या आडव्या तुळईला आपण गाडी म्हणतो. पूर्वी ही गाडी टोकाला जाऊन आदळली, तर जुन्या मोटरी कण्हायच्या आणि थांबायच्या. नव्या मोटरी थांबत नाहीत, रेटत राहतात. त्यांना थांबवायला टोकाला एक छोटा स्विच असतो. गाडी त्याच्या दांडीला टेकली की मोटर बंद होते. सगळी भिस्त त्या बोटाएवढ्या दांडीवर.

मग दसरा आला. आपण मशीनची पूजा केली, हार घातला, नारळ फोडला आणि हलणाऱ्या प्रत्येक भागाला पूजेचा धागा बांधला. त्या दांडीला धागा बांधला महादेवरावांनी. चांगला करकचून, दांडी हलू नये इतका. अध्यक्ष महोदय, मी तिथंच ताट धरून उभी होते, मलाही काही वाटलं नाही. आणि पूजेचा धागा आपल्यात कुणी कापत नाही. तो आपोआप गळून पडला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भाऊ टोकाशी वाकून रुळाला ग्रीस लावत होते. मशीन चालू ठेवूनच ते ग्रीस लावायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला बुकललं असतं. ते नीलेशला म्हणाले, "गाडी घरी आण." घरी आणणं म्हणजे गाडी तिच्या सुरुवातीच्या जागी नेणं, स्विचपाशी. नीलेशला तो धागा दिसत होता. त्यानं तोंड उघडलं.

"काय पाहून राह्यला बे? दाब ना बटन."

त्यानं बटन दाबलं. गाडी आली. दांडी हलली नाही. भाऊंचा उजवा हात गाडी आणि लोखंडी खांबाच्या मधे होता. हाडं मोडल्याचा आवाज मला कार्यालयात ऐकू आला, आणि नंतर भाऊंचा. नीलेशनं लाल बटन मारलं, वीज गेली, पण गाडी हातावर तशीच रुतून बसली. आम्ही पहार घालून ती मागे रेटली. हार रक्तानं भिजला होता. डॉक्टरांनी मनगट वाचवलं. बोटं वाचली नाहीत.

सेवाग्रामला जाताना जीपमध्ये मी पुढं बसले होते. मागे नीलेशनं भाऊंचा हात दुपट्ट्यात धरला होता. तो म्हणाला, "भाऊ, धागा मले दिसला होता."

भाऊंनी विचारलं, "मंग सांगतलं काऊन नाई?"

नीलेशनं फक्त आपल्या भुवईवर बोट ठेवलं.

मंडळी, ही गोष्ट इथंच संपली असती तर मी हे निरोपाचं भाषण जरा गोड केलं असतं. भाऊ खुर्चीवर बसून शिकवायला लागले, मशीन नीलेश चालवायला लागला. काम उत्तम करायचा, आजही करतो. पण भाऊंचा आवाज त्याच्या गळ्यात आला, आणि मग भाऊंचा हातही. मशीनचं काम शिकून आलेली गुंजन, आपल्या डोमाजीभाऊंची मुलगी, त्याच्या हाताखाली होती. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "फळी ढिली आहे, थांबवा." नीलेशनं लाकडी मोगरी उचलली आणि तिच्या खांद्यावर मारली. गळ्याखालचं हाड मोडलं. ती खाली पडली तेव्हा फळीही सुटली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन फुटली.

पोलिसांत तक्रार झाली आहे. ते प्रकरण आपल्या वाटेनं जाईल, त्यावर मी इथं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीभाऊ कुऱ्हाड घेऊन आले. डोमाजीभाऊ, तुम्ही मान खाली घालू नका, तुमच्या जागी मीही आले असते. पहिला घाव त्यांनी मशीनच्या टेबलावर घातला, दुसरा नीलेशवर उगारला. तेव्हा प्रेमदासभाऊ मधे येऊन उभे राहिले.

"बाजूले हो, प्रेमदास."

"पहिले मले मार, डोमाजी. ह्याले हे मीनच शिकवलं."

डोमाजीभाऊंनी घाव घातलाच. तो प्रेमदासभाऊंच्या कानाशेजारून टेबलावरच्या सागवानी दारात गेला. केळझरच्या गिऱ्हाईकासाठी त्या दारावर गणपती कोरत होतो, त्याच्या मधोमध. भाऊ जागचे हलले नाहीत.

एवढं सगळं होऊनही, सांगायला लाज वाटते, कार्यकारिणीनं मशीनची किल्ली नीलेशच्याच हाती द्यायचं ठरवलं होतं. कारण काय, तर मशीन पूर्ण कळणारा तोच. गुंजननं कळवलं, मग मी येणार नाही. काल दुपारी प्रेमदासभाऊ कार्यालयात आले आणि मला म्हणाले, "बाई, किल्ली नीलेशले देसान तर मले शाल नको. पोरगा हुशार आहे. पन त्याच्या भेवानं तिथं कोनी तोंड उघडनार नाई, अन् मंग पुढच्या टायमाले कोनाचा हात जाते ते मशीन ठरवन."

आज सकाळी कार्यकारिणीनं निर्णय बदलला. किल्ली गुंजनला. नीलेश, तू जाऊ नको, ऐकून घे. तुझं काम गेलेलं नाही. कुणावर हात उगारणार नसशील, तर तिच्या हाताखाली काम कर.

काय म्हणतोस? मोठ्यानं म्हण. तो म्हणतोय, "मी तिच्या हाताखाली करू?" हो. "अन् मशीन बिघडली तर?" तर ती तुला सांगेल, तू तिला सांगशील. दोघं ऐकाल. याहून वेगळं काही मला सुचत नाही. बस तिथं, खुर्ची आहे.

बसला. ठीक.

गुंजन, वर ये. तिच्या गळ्यात पट्टी आहे, वाट द्या तिला. प्रेमदासभाऊ, आपल्या हातानं किल्ली द्या. घेतली तिनं. टाळ्या नंतर. ती भाऊंना काहीतरी सांगते आहे. माईकवर बोल, बाई. नको म्हणते. मीच सांगते. ती म्हणते आहे, "भाऊ, टोकाचा नवा स्विच तुमी डाव्या हातानं बसवला ना, तो उलटा बसला आहे."

सगळे भाऊंच्या चेहऱ्याकडं बघताहेत. मीही बघते आहे.

भाऊ म्हणताहेत, "उद्या जायच्या पहिले दाखवजो."

आता वाजवा टाळ्या.

महादेवराव, शाल घाला त्यांना. प्रेमदासभाऊ, वहिनी, सेवाग्रामला लेकीकडे सुखानं राहा. सकाळपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बायांचे, मंडप घालणाऱ्यांचे आणि इतकं कडू बोलणं बसून ऐकल्याबद्दल तुमचे मी मनापासून आभार मानते. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाचं दुखणं मी चारचौघांत उघडं केलं असेल, तर मला क्षमा करा, पण पोटात ठेवू नका. थोड्या वेळानं पंगत बसेल, मी वाढायला येईन. मला थांबवा आणि सांगा.