गुडघ्यातली गादी

वाशिमच्या हाडाच्या दवाखान्यात सुप्रिया नंबरची वाट पाहत बसली होती. अनसिंगचे गुलाबराव आणि त्यांची बायको गोजराबाई डॉक्टरांकडून बाहेर आले आणि तिच्या शेजारी टेकले. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडू लागलं.

"काय म्हने वो डाक्टर? मले तं समजलंच नाही," गोजराबाई म्हणाल्या.

"गुडघ्यात हाडाइच्या मधात गादी रायते. तिच्यातल्या बारक्या पेशी मरून राह्यल्या म्हने."

"कायले मरतात?"

"तान पडते. रोजच्या वज्यानं थकतात, आतला बिघाड त्याइले निस्तरत नाही. मंग मरतात."

"मंग मले आधी काहून नाही दुखलं?"

"त्या गादीले दुखतच नाही. ते झिजून हाडाले हाड लागलं का मंग दुखते."

"मायबाई! मुकाट्यानं मेल्या बिचाऱ्या."

"भाजीचे टोपले सारे तूच वाहिले. एखाद्या डाव तरी बोलाचं होतं, गोजरा."

"तुमची कंबर धरली होती ना तवा."

गुलाबरावांनी तिच्या हातातली औषधांची पिशवी आपल्याकडे घेतली.

"मेलेल्या वापस येतात का वो?"

"नाही म्हने. पन जित्या आहेत त्या जपता येतात. उद्यापासून वांगे मी तोडतो, टोपलं बी मीच नेतो."

"अन् मी?"

"तू थोडं चालाचं, मंग वावराच्या कडेले धुऱ्यावर खुर्चीत बसाचं."

"एवढ्या दूर? वाफ्याजवळच टाका खुर्ची. बोलाले बरं पडते."